डीलरकडून जुनी कारव्हॅन घेताना आरसीचं काम कुठे अडतं

जुनी कारव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेताना शेगडी पेटते का, पाण्याची टाकी गळते का, गादी किती जाड आहे, हे सगळेजण तपासतात. आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) मात्र डीलरच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातच राहते. गाडी नावावर करायचा अर्ज परत येतो तो त्या पाकिटातल्या गोष्टींमुळे, गादीमुळे नाही.

पात्रता नाममात्र आहे. राहत्या पत्त्याचा पुरावा, आधार, पॅन (नसेल तर फॉर्म ६०) एवढं पुरतं. ड्रायव्हिंग लायसन्स गाडी चालवायला लागतं, नावावर करायला नाही. अर्ज परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर भरायचा, फी तिथेच भरायची.

आता अडचणीची पहिली जागा. आपल्याकडची घरगुती कारव्हॅन म्हणजे बहुतेक वेळा व्हॅन किंवा ट्रॅव्हलरच्या सीट काढून पलंग आणि ओटा बसवलेली गाडी. आरसीवर मात्र आसनक्षमता आणि बॉडीचा प्रकार जुनाच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. राज्यातल्या राज्यात हस्तांतरण करताना खासगी गाडी बहुधा दाखवावी लागत नाही, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. परराज्यातली गाडी इथे पासिंगला उभी राहिली की निरीक्षक दार उघडतो आणि काम तिथेच थांबतं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअरही तेच दार उघडतो. डीलर म्हणेल, “सगळे असंच चालवतात साहेब.” चालवोत. तुम्ही आरसीवर कारव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन अशी नोंद आहे का ते बघा. नसेल तर ती करून देण्याची जबाबदारी डीलरकडून लेखी घ्या आणि तोवर पूर्ण पैसे देऊ नका.

पिवळी पाटी (भाड्याने चालणाऱ्या गाडीची) असेल तर आणखी एक काम वाढतं. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वर्गात बसते, पण टुरिस्ट म्हणून धावलेली गाडी आपोआप खासगी होत नाही. आधी परमिट जमा करायचं, कराचा फरक भरायचा, मग वर्ग बदलायचा. हे डिलिव्हरीच्या आधी व्हायला हवं. नंतर डीलर फोन उचलत नाही.

सगळ्यात जास्त अर्ज मूळ मालकाच्या सहीवर अडतात. डीलरकडे नमुना २९ आणि ३० (मालकी हस्तांतरणाचे फॉर्म) सही करून तयार असतात. तारखेची जागा कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं, आणि खाली पेन्सिल घासून उठवलेला चेसिस नंबरचा ठसा इतका पुसट की शेवटचे आकडे लागत नाहीत. सही जुळली नाही किंवा मालकाचा मोबाइल नंबर बदललेला असला की ओटीपी जातो भलतीकडे आणि अर्ज लटकतो. मालक वारले असतील तर त्यांच्या सहीचे फॉर्म निरुपयोगी. तेव्हा गाडी आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर यावी लागते.

यावर उपाय नियमात आहे, पण वापरतात थोडेच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकरणाचं अधिकारपत्र लागतं. त्याची मुदत ५ वर्षं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं नमुना २९सी मध्ये ऑनलाइन कळवलं की डीलर मानीव मालक (कायद्याच्या नजरेत मालक) होतो आणि पुढचे अर्ज तोच करू शकतो. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको; अधिकारपत्र दाखवा आणि या गाडीचं २९सी भरलंय का, हा असू दे.

कर्जबोजा हा नेहमीचा घोळ. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा आरसीवर तसाच असतो. बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) दोन्ही लागतात. पत्रावर मुदत छापलेली असेल तर ती नीट वाचा. थकलेली ई-चलनंही आधीच भरायला लावा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागली आहे का ते बघा.

मुदतीबद्दल तर सरकारनेच गोंधळ घालून ठेवलाय. कलम ५० मधले १४ दिवस विकणाऱ्याला आहेत. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. पण विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांतच अर्ज द्यावा लागतो (कलम १५७). लोक ३० दिवस धरून बसतात आणि विमा राहून जातो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं. तुमच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) तुमचा नाही, तेव्हा हप्ता वाढला म्हणून डीलरशी भांडू नका.

परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं नमुना २८ वरचं ना हरकत पत्र आणि इथला रोड टॅक्स, दोन्ही हिशोबात धरा. गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण करही.

खासगी हलक्या गाडीची हस्तांतरणाची सरकारी फी काही शे रुपयांत असते. ‘आरटीओ खर्च’ म्हणून हजारांचा आकडा आला तर सरकारी पावती वेगळी मागा.

डिलिव्हरी घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. त्या दिवशीचं चलन कोणाचं, हा वाद त्याशिवाय मिटत नाही. नवी आरसी हातात आली की नावाचं स्पेलिंग, पत्ता, आसनसंख्या आणि बोजा निघाल्याची नोंद त्याच दिवशी तपासा. चूक दुरुस्त करायला वेगळा अर्ज करावा लागतो.