'बर्गर किंग' नाव नक्की कुणाचं? कॅम्पातल्या केसची पार्श्वभूमी

पुण्याच्या कॅम्पातल्या 'बर्गर किंग' हॉटेलने ते नाव वापरू नये म्हणून त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने दावा लावला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने तो फेटाळला तेव्हा सगळीकडे "पुणेकरांनी अमेरिकेला हरवलं" सुरू होतं, आणि डिसेंबरात हायकोर्टाने हॉटेलला ते नाव वापरायला तात्पुरती मनाई केली तेव्हा तेच लोक "अन्याय झाला" म्हणायला लागले. आधीचं काय आणि मधलं काय हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. हॉटेल कुठलं आणि तिथे काय मिळतं ते पुणेकरांना सांगत बसत नाही.

रोजच्या बोलण्यातले शब्द स्वतःच्या नावावर करून घ्यायची फास्ट फूडवाल्यांना जुनी खोड आहे. अमेरिकेत वायोमिंगच्या एका चेनकडे १९८९ पासून 'टॅको ट्यूसडे'चा ट्रेडमार्क होता, म्हणजे मंगळवारी टॅको (पोळीत सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ) स्वस्त ठेवून तसं बाहेर लिहिलं की यांची नोटीस येणार. मे २०२३ मध्ये त्यांच्याहून कितीतरी मोठ्या चेनने तो रद्द करा म्हणून अर्ज केला, दोन महिन्यांत यांनी सोडून दिला. 'फूटलाँग'चंही तसंच, फूटभर लांब सँडविचला लोक दुसरं काय म्हणणार असं म्हणत २०१३ मध्ये तिकडच्या ट्रेडमार्क बोर्डाने सँडविचवाल्या चेनला नकार दिला. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने 'सब' (लांब सँडविच) या शब्दावर एकट्याचा हक्क मानला नाही, आणि त्याच वर्षी 'चिकन झिंगर' या बर्गरच्या नावाच्या अर्जात चिकनवाल्यांना सांगितलं की 'चिकन'वर तुमची मालकी नाही. बरोबरच आहे. उद्या कुणी 'अमृततुल्य' रजिस्टर करून नोटिसा पाठवायला लागला तर अर्ध्या पुण्याच्या पाट्या उतरवाव्या लागतील.

आता कॅम्पाकडे. 'बर्गर' साधा शब्द, 'किंग'ही साधा, मग भांडण कशाचं? तर दोन्ही जोडून झालेल्या नावाचं. आणि त्यात शब्द किती साधा यापेक्षा आधी कोण आणि कुठे, यावरच सगळं अडलंय.

अमेरिकन कंपनी १९५४ पासूनची, मायामीची. गंमत म्हणजे नावावरून पंचाईत व्हायची ही त्यांची पहिली वेळ नाही. इलिनॉय राज्यात मॅटून नावाचं छोटं गाव आहे, तिथे एका नवराबायकोने १९५७ पासून हेच नाव लावलं होतं आणि १९५९ मध्ये राज्यात रजिस्टरही करून टाकलं. कंपनीचं देशपातळीवरचं रजिस्ट्रेशन १९६१ चं. १९६८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तोडगा काढला, मॅटूनच्या भोवती वीस मैलांत नाव दुकानाचं, बाकी देशभर कंपनीचं. कॅम्पातून असा गोल काढला तर तो साधारण तळेगावला जाऊन टेकेल! ऑस्ट्रेलियात तर अॅडलेडच्या एका टेकअवेकडे हे नाव आधीच होतं म्हणून १९७१ पासून तीच साखळी तिकडे 'हंग्री जॅक्स' नावाने चालते. म्हणजे जिथे नाव आधीच गेलंय तिथे जमवून घ्यायला कंपनीला येतं, पुण्यात मात्र ते जमलं नाही.

पुण्यातलं हॉटेल १९९२ च्या सुमाराचं. कंपनीचं पहिलं भारतातलं आउटलेट नोव्हेंबर २०१४ मध्ये दिल्लीला उघडलं, पुण्यात ते २०१५ मध्ये आले. दावा मात्र २०११ चा, म्हणजे इथे एकही बर्गर विकायच्या आधी कोर्टात आले. हे ऐकलं की कुणालाही वाटतं केस सरळ आहे.

ती सरळ का नाही हे समजून घ्यायला १९७९ कडे जावं लागतं. कंपनीने भारतात नाव रजिस्टर केलं ते १९७९ मध्ये. आणि ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४, जे आधीपासून नाव वापरणाऱ्याला वाचवतं, त्यात एक मेख आहे. तुमचा वापर समोरच्याच्या वापराच्या किंवा त्याच्या रजिस्ट्रेशनच्या, यातलं जे आधीचं असेल त्याच्याही आधीचा लागतो. नुसतं "ते २०१४ ला आले, आम्ही १९९२ पासून आहोत" म्हणून भागत नाही, मध्ये १९७९ चा कागद आडवा येतो.

पण त्या कागदातही गोम आहे आणि माझ्या मते खरी केस इथेच आहे. १९७९ ला आपल्याकडे १९५८ चा कायदा होता आणि त्यात फक्त मालाचं नाव रजिस्टर व्हायचं, सेवेचं नाही. हॉटेल चालवणं ही सेवा. सेवेला ट्रेडमार्क मिळायला लागला तो १९९९ च्या कायद्याने, आणि तो लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. म्हणजे १९७९ चं रजिस्ट्रेशन मालाचंच असणार, बर्गर वगैरे, आणि कॅम्पातलं हॉटेल तर २००३ च्या दहा-अकरा वर्षं आधीच उघडलेलं. कंपनीवाले म्हणणार की हॉटेलात शेवटी तोच माल विकतात ना. मग उलट प्रश्न येतो, १९७९ ते २०१४ तुम्ही तो माल इथे विकला कुठे? सलग पाच वर्षं वर तीन महिने वापर नसेल तर मार्क रद्द करायला मागता येतो. यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की आमचं नाव जगभर आहे, इथल्या लोकांना ते आधीच माहीत होतं. १९९६ च्या वॉशिंग मशीनवाल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं होतं, पण २०१७ मध्ये एका जपानी गाडीच्या नावावरून त्याच कोर्टाने सांगितलं की बाहेर प्रसिद्ध असून चालत नाही, त्या काळात भारतातल्या गिऱ्हाइकाला ते नाव माहीत होतं याचा पुरावा द्या. १९९२ साली कॅम्पात बर्गर खाणाऱ्या किती जणांना मायामीचं नाव ठाऊक असेल, तुम्हीच बघा.

१६ ऑगस्ट २०२४ ला पुण्याच्या कोर्टाने दावा फेटाळला. हॉटेलचा वापर आधीचा, गिऱ्हाइकांचा गोंधळ झाल्याचा पुरावा नाही, कंपनीचं नुकसान झाल्याचाही नाही. हॉटेलवाल्यांनीही भरपाई मागितली होती, तीही मिळाली नाही, पुरावा नाही म्हणून. हे शेवटचं बातम्यांत खालच्या ओळीत गेलं.

मग कंपनीचं अपील. २ डिसेंबर २०२४ ला हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत नाव वापरायला मनाई केली. लोकांना वाटलं निकाल फिरला. तसं झालेलं नाही. दावा चालू असताना २०१२ पासून पुण्याच्याच कोर्टाची अंतरिम मनाई होती आणि ती दावा फेटाळेपर्यंत टिकली होती, हायकोर्टाने तेवढीच पुढे चालू ठेवली, सगळा पुरावा अपिलात परत तपासायचाय म्हणून. कायद्याच्या भाषेत हे ठीक असेल, पण दावा जिंकलेल्याने पाटी झाकायची आणि हरलेल्याने नाव मिरवायचं, हे कुणाला पटेल? आणि अपिलं आपल्याकडे किती चालतात ते शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही विचारा.

मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाच्या त्या ऑर्डरला स्टे दिला आणि हॉटेलला नाव वापरायची मोकळीक मिळाली. हायकोर्टातलं अपील मात्र त्याने संपलं नाही. १९७९ चा कागद मोठा की १९९२ चं दुकान, हे त्या अपिलातच ठरायचंय.