टाकळा, गोवा पावडर आणि पावसाळ्यातला नायटा

पहिला पाऊस पडला की दादरच्या बाजारात टाकळ्याच्या कोवळ्या जुड्या दिसू लागतात. नायट्याचे दिवसही तेच. घामाने चिकटलेले कपडे, लोकलमधली गर्दी, घरात दोरीवर दमट राहिलेले टॉवेल. बुरशीचं फावतं. ती त्वचेच्या वरच्या थरातलं केराटिन हे प्रथिन खात बाहेर बाहेर सरकते, म्हणून कड लाल आणि खाजरी दिसते, मधली त्वचा मात्र बरी झाल्यासारखी वाटते.

टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. त्यात तथ्य आहे. या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचं रसायन असतं आणि प्रयोगशाळेत ते बुरशीची वाढ रोखतं. त्याच रासायनिक कुळातलं क्रायसारोबिन तर जगभर गाजलं. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली ही भुकटी पोर्तुगिजांमार्फत गोव्यात आली आणि ‘गोवा पावडर’ म्हणून एकोणिसाव्या शतकात मुंबईतही नायट्यावर वापरली जाई. पुढे ती सोरायसिस या त्वचारोगावरही चालते असं लक्षात आलं, आणि १९१६ मध्ये जर्मनीत तिच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल हे औषध तयार झालं. सोरायसिसवर ते आजही वापरतात.

मात्र ही भुकटी कातडी भाजायची, कपड्यांवर न जाणारे डाग पाडायची, डोळ्यात गेली तर भयंकर आग. झाडपाल्याचं औषध म्हणजे निरुपद्रवी, हे मला म्हणूनच मान्य नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. लहान मुलांवर, जांघेत किंवा खाजवून सोललेल्या जागी तर हा लेप नकोच.

त्याहून मोठा धोका चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडमिश्रित मलमांचा. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते आणि चट्ट्याचं रूपच बदलतं. त्यात २०२० मध्ये नामकरण झालेली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही बुरशी अनेकदा टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशक औषधालाही दाद देत नाही. चट्टा पसरत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार सोबतच करा. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे गरम पाण्यात धुवा. ऊन नसेल तेव्हा ते उलटे करून शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. टाकळ्याची भाजी मात्र खुशाल खा.