कंपास प्लांट

(लॅ. सिल्फियम लॅसिनिएटम, कुल : ॲस्टरेसी). सूर्यफुलाच्या कुलातील ही बहुवर्षायू रानटी वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेची. इलिनॉय, आयोवा, मिसूरी, कॅन्सस या भागांतल्या उंच गवताच्या प्रेअरीत (विस्तीर्ण गवताळ मैदानांत) ती वाढते. शास्त्रीय नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले.

जमिनीलगतची पाने हातभर लांब, खोल चिरलेली आणि खरखरीत असतात. ती आडवी न पसरता उभी राहतात. बहुतेकांच्या कडा दक्षिणोत्तर असतात, म्हणजे पात्याची एक बाजू पूर्वेला तोंड करून असते व दुसरी पश्चिमेला. म्हणून कंपास (होकायंत्र) हे नाव. पान वाढत असताना सकाळचे ऊन त्याला हे वळण लावते. मग सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पात्यावर पुरते पडते, भर दुपारचे मात्र नुसते कडेला लागते. पाणी वाचते आणि अन्ननिर्मितीही चालू राहते. एकोणिसाव्या शतकात यामागे चुंबकत्व असावे अशी शंका घेतली गेली, ती खोटी ठरली. दिशा अगदी काटेकोर नसते आणि सावलीतली पाने कशीही वळतात. वाट चुकलेल्याने एकाच पानावर विसंबू नये, हे बरे.

उन्हाळ्यात दोन-तीन मी. उंच दांड्यावर पिवळी फुले येतात. सूर्यफुलात बी मधल्या तबकात धरते. इथे उलटे आहे. बी धरते ते कडेच्या किरण-पुष्पकांत (पाकळीसारख्या दिसणाऱ्या बारीक फुलांत), मधली पुष्पके पराग देऊन वाळतात. खोडातून पाझरणारा डिंक मूळ रहिवाशांची मुले चघळत. ही झाडे दाट असतील तिथे वीज पडते, असा ओमाहा व पोंका या मूळ जमातींचा समज होता. तिथे ते तळ देत नसत. वादळात मात्र तिच्याच वाळलेल्या मुळाची धुरी करत.

सोटमूळ चार मी.हूनही खोल जाते. पहिली काही वर्षे झाड नुसती पाने काढते, पण पुढे कित्येक दशके जगते. वणव्यात वरचा भाग जळाला तरी ते पुन्हा फुटते. नांगरापुढे मात्र इलाज चालला नाही. जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनवला आणि पुढे प्रेअरीच्या जागी मक्याची शेते आली. उरल्यासुरल्या कुरणांत गुरे ही वनस्पती आवडीने खातात. त्यामुळे आज ती रेल्वेमार्गांच्या कडेला नि जुन्या दफनभूमींत आढळते. मोठे झाड उपटून लावले तर सहसा जगत नाही. प्रेअरी नव्याने उभारताना बी हिवाळ्याआधीच पेरतात, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही.