सराव-अ‍ॅम्प : इलेक्ट्रिक गिटारचा घरगुती विवर्धक

घरात, वर्गात किंवा एखाद्या खोलीत एकट्याने इलेक्ट्रिक गिटार वाजवण्यासाठी केलेल्या छोट्या विवर्धकाला सराव-अ‍ॅम्प म्हणतात. विवर्धक, स्वर घडवणारी बटणे आणि स्पीकर हे तिन्ही एकाच पेटीत असतात. अशा पेटीला गिटारवाले ‘कॉम्बो’ म्हणतात. साधारण १ ते २० वॅट शक्ती, ३ ते ८ इंचांचा स्पीकर आणि एका हाताने उचलता येईल इतके वजन ही त्याची ओळख.

इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते, त्यामुळे तिचा स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतही धड पोहोचत नाही. तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्यांत क्षीण वीज उमटते आणि तीच केबलमधून अ‍ॅम्पकडे जाते. सतारीचा भोपळा सुटा करून खोलीच्या कोपऱ्यात ठेवावा, तशी ही रचना आहे. वाद्याचा अर्धा भाग मांडीवर आणि उरलेला अर्धा अ‍ॅम्पच्या पेटीत. म्हणून सगळे पैसे गिटारवर घालून उरलेल्या चिल्लरीत अ‍ॅम्प उरकणे चुकीचे ठरते. साधी गिटार चांगल्या अ‍ॅम्पवर बरी वाजते; महागडी गिटार वाईट अ‍ॅम्पवर वाईटच वाजते.

वॅटचा आकडा

अ‍ॅम्प घ्यायला गेले की पहिला प्रश्न वॅटचा निघतो, आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. वॅट हे शक्तीचे माप आहे. कानाला जाणवणारा आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. शक्ती दुप्पट केली तर पातळी फक्त ३ डेसिबलने चढते. फरक कळतो, पण जेमतेम. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे बाकी सारे सारखे असेल तर १०० वॅटचा अ‍ॅम्प १० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा सुमारे दुप्पटच मोठा वाटतो.

उलट बाजूने पाहिले तर १ वॅटही थोडा नाही. चांगल्या मोठ्या गिटार-स्पीकरला १ वॅट मिळाला की मीटरभर अंतरावर ९५ डेसिबलच्या वर आवाज निघतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. वन-बीएचकेत, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पलंग असताना, रात्रीच्या सरावाला वॅटचा एखादा बारीक अंशच वापरला जातो. तिथे ४०-५० वॅटचा अ‍ॅम्प आणला की एक विशिष्ट त्रास सुरू होतो. व्हॉल्यूमचे बटण शून्यावर असते तेव्हा काहीच ऐकू येत नाही. केसभर सरकवले की आवाज एकदम उसळतो, आणि हवी ती पातळी या दोन्हींच्या मधल्या, बोटाला न सापडणाऱ्या जागेत असते. असा अ‍ॅम्प महिनाभरात पलंगाखाली जातो. ज्यावर मास्टर व्हॉल्यूमचे, म्हणजे शेवटचा एकूण आवाज ठरवणारे, वेगळे बटण आहे किंवा शक्ती कमी करण्याची कळ आहे, त्या मोठ्या अ‍ॅम्पचे मात्र घरातही निभते.

घरासाठीच्या अ‍ॅम्पची खरी कसोटी हळू आवाजात लागते. जोरात वाजवल्यावर जवळजवळ सगळेच अ‍ॅम्प बरे वाटतात. त्याचे कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान झाला की माणसाला खर्जातले, आणि काही प्रमाणात अगदी वरचेही, सूर मधल्या पट्टीपेक्षा कमी ऐकू येतात. म्हणून दुकानात मोठ्या आवाजात भरदार वाटलेला अ‍ॅम्प घरी रात्री पातळ, कोरडा लागतो. बेस आणि ट्रेबलची (खालच्या आणि वरच्या सुरांची) बटणे ज्या पातळीवर वाजवायचे त्याच पातळीवर जुळवावीत, आणि अ‍ॅम्पही त्याच पातळीवर ऐकून निवडावा.

स्पीकर

गिटारचा स्पीकर गाणी ऐकण्याच्या स्पीकरपेक्षा वेगळ्या स्वभावाचा असतो. तो साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो, आणि ही उणीव मुद्दाम राखलेली असते. डिस्टॉर्शन (स्वर मुद्दाम फोडून खरखरीत करणे) लावल्यावर स्वरात जे कर्कश, वाळूसारखे खरखरते कण तयार होतात, ते हा कागदी शंकू गाळून टाकतो. होम थिएटरला गिटार थेट जोडली की डबा वाजल्यासारखे वाटते, त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण जोडणीत आहे. साध्या पिकअपला सुमारे १० लाख ओहम रोधाचे इनपुट लागते. त्याहून बरेच कमी मिळाले तर वरचे सूर मरतात.

आकाराचाही परिणाम मोठा. सर्वांत जाड तार, म्हणजे खालचा ‘ई’, मोकळी वाजवली तर सुमारे ८२ हर्ट्झचा सूर देते. ३ इंचांच्या स्पीकरला तो मूळ सूर पेलत नाही. वरच्या स्वरांशांवरून कान मूळ सुराचा अंदाज बांधतो आणि आपल्याला सूर ‘ऐकू येतो’, पण छातीत जाणवणारा धक्का येत नाही. तळहात ब्रिजवर (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर) टेकवून जाड तारांवर दाबून वाजवायचे असेल, मेटल प्रकारचे संगीत वाजवणाऱ्यांचे बरेचसे काम तेच, तर निदान ६, शक्यतो ८ इंचांचा स्पीकर पाहावा. टेबलावर ठेवून एकेरी सुरांचा रियाज करणाऱ्याला ३-४ इंचही चालतो.

चॅम्पपासून आजपर्यंत

रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्याने १९४८ साली ‘चॅम्पियन ८००’ नावाचा छोटा अ‍ॅम्प काढला. पुढे हाच वंश ‘चॅम्प’ म्हणून ओळखला गेला. शिकणाऱ्यांच्या लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या) गिटारची जोड म्हणून तो विकला जाई. १९५०च्या दशकातल्या चॅम्पमध्ये तीन व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), सुमारे ५ वॅट आणि स्वर बदलण्यासाठी एकच बटण असे : व्हॉल्यूमचे. हे बटण अर्ध्याच्या पुढे नेले की स्वर आपोआप फुटू लागतो, आणि हाताचा जोर कमी केला की परत स्वच्छ होतो. मोठ्या अ‍ॅम्पचा स्वर असा फुटेपर्यंत वाढवला तर खोलीत बसवत नाही. छोट्याचा स्वर लवकर फुटतो. स्टुडिओवाल्यांनी हे ओळखले. १९७० साली मायामीत झालेल्या एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन या रॉक गिटारवादकांच्या ध्वनिमुद्रणात असेच छोटे फेंडर अ‍ॅम्प वापरले गेले. विद्यार्थ्यांसाठी केलेली स्वस्त पेटी अशी रॉकच्या इतिहासात जाऊन बसली.

१९७३ साली अमेरिकेत ‘पिगनोज’ आला : ५ वॅट, ५ इंचांचा स्पीकर, सहा पेन्सिल सेल आणि डुकराच्या नाकाच्या आकाराचे बटण. विजेच्या वायरीपासून गिटार सुटली ती बरीचशी याच्यामुळे. रोलँडचा मायक्रो क्यूब त्याच वाटेने पुढे गेला. २ वॅटच्या पेटीत त्याने नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या आवाजांची नक्कल भरली. २०११ साली यामाहाने आणलेला टीएचआर १० तर गिटार-अ‍ॅम्पसारखा दिसतही नाही. त्यात ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर आहेत, आणि मोबाईलवरचे गाणे व आपली गिटार एकत्र ऐकायला तो टेबलावर ठेवायचा. घरगुती अ‍ॅम्पचा विचार मोठ्या अ‍ॅम्पची छोटी प्रत म्हणून न करता मुळापासून केला, हे त्याचे श्रेय.

आज बाजारात तीन जाती दिसतात. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प बोटांना सर्वांत जवळून उत्तर देतात, पण महाग, जड आणि फ्लॅटसाठी मोठ्या आवाजाचे असतात. ५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पूर्ण उघडला तर ढोलकीवाल्यालाही ऐकू जाईल. साधे ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प, उदाहरणार्थ ऑरेंजचा क्रश १२ किंवा फेंडरचा फ्रंटमॅन १०जी, स्वस्त आणि टिकाऊ असतात. त्यांचा स्वच्छ आवाज चांगला असतो; डिस्टॉर्शन कधी जमते, कधी मधमाश्यांसारखे गुणगुणते. तिसरी जात डिजिटल मॉडेलिंगची, म्हणजे नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या आवाजांची संगणकी नक्कल करणाऱ्यांची : बॉसचा कटाना मिनी वगळता (तो आतून अ‍ॅनालॉगच आहे) आज नाव घेतले जाणारे बहुतेक नवे छोटे अ‍ॅम्प यात मोडतात. नवशिक्याला माझे मत विचारले तर मॉडेलिंगचा घ्यावा. मात्र ज्याचे आवाज पेटीवरच्या बटणांनी बदलतात तो. सगळे काही मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये दडवलेला नको. वीस मिनिटांच्या सरावातली पंधरा मिनिटे आवाज निवडण्यात जाऊ नयेत, आणि अ‍ॅप बंद पडले म्हणून वाद्य मुके होऊ नये.

अ‍ॅम्प घेण्याआधी हेडफोनची खाच वाजवून पाहावी. आत स्पीकरची नक्कल करणारे सर्किट नसेल तर डिस्टॉर्शनचा आवाज हेडफोनमध्ये डासासारखा टोचतो. ब्लूटूथचा उपयोग साथीचे गाणे अ‍ॅम्पवर वाजवण्यापुरता. ब्लूटूथ हेडफोनवर स्वतःची गिटार ऐकायला गेले तर तार छेडल्यानंतर आवाज ठळक उशिराने पोहोचतो आणि ताल धरवत नाही.

वीज, अर्थिंग आणि परदेशातून आलेले अ‍ॅम्प

अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी सुट्टीला येताना अ‍ॅम्प घेऊन येते, ही मराठी घरांतली नेहमीची गोष्ट. आणण्याआधी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेजचा आकडा वाचायला सांगावे. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची; आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. फक्त १२० लिहिलेला अ‍ॅम्प आपल्या भिंतीत खुपसला तर नशीब चांगले असेल तर फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. अशा अ‍ॅम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो निवडताना अ‍ॅम्प किती वीज खातो ते पाहायचे. आवाजाचा ५ वॅट हा आकडा तिथे कामाचा नाही, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. १०० ते २४० असे लिहिलेला अडॅप्टर असेल तर फक्त पिन बदलून भागते. ९ व्होल्टच्या अडॅप्टरचे मात्र वेगळे दुखणे आहे. गिटारच्या बऱ्याच उपकरणांत मधली पिन ऋण असते, तर घरातल्या राउटरच्या अडॅप्टरची सहसा धन. टोक बसले म्हणजे जुळले असे नाही. पेटीवरची + आणि − ची छोटी आकृती पाहूनच जोडावे.

घरघर हा नवशिक्याला सर्वांत सतावणारा प्रकार. एक साधी परीक्षा करून पाहावी. अ‍ॅम्प चालू ठेवून तारांवरून हात उचलायचा. ‘घूंऽऽ’ वाढते का? आता एक बोट ब्रिजवर टेकवायचे. आवाज बसला तर गिटारची जोडणी ठीक आहे. आपले अंगच खोलीतली वीज गोळा करत होते आणि बोट टेकताच ते तारांशी जोडले गेले. पण घरघर फार मोठी असेल, किंवा तारांना हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर सॉकेटला अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवावे. जुन्या इमारतींत तिसरे भोक नुसतेच असते, मागे वायर नसते. तीन पिनांची वरची जाड पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे हा उपाय करू नये. एका हातात गिटार आणि ओठांजवळ माइक असताना तो जिवावर बेतू शकतो. अर्थिंग ठीक असूनही सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप पंख्याच्या रेग्युलेटरजवळ गुरगुरतात. खुर्ची थोडी फिरवून बसले की एका दिशेला घरघर जवळजवळ नाहीशी होते; ती दिशा शोधून तिथेच बसावे.

दुकानात आणि जुन्या बाजारात

मुंबईत धोबी तलावचे, १८६५ साली सुरू झालेले फर्टाडोज किंवा आपल्या शहरातले वाद्यांचे कुठलेही दुकान, तिथे जाताना स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जावी. दुकानातली भारी गिटार अ‍ॅम्पचे दोष झाकते. आधी सगळे इफेक्ट (प्रतिध्वनी वगैरे) बंद करून स्वच्छ आवाज, बोलण्याच्या पातळीवर. मग एक सूर लावून तो विझेपर्यंत ऐकायचे. शेवटी तो अलगद मावळतो की मध्येच कापल्यासारखा तुटतो? तुटत असेल तर आतले घरघर दाबणारे सर्किट जास्त कडक आहे. मग डिस्टॉर्शन लावून गिटारवरचे व्हॉल्यूम कमी करायचे, आणि स्वर नुसता बारीक होतो की स्वच्छही होतो ते पाहायचे. एवढ्याला दहा मिनिटे पुरतात.

वापरलेला अ‍ॅम्प घ्यायला हरकत नाही, फक्त प्रत्येक बटण पूर्ण फिरवून पाहावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत बटणांच्या आत मळ धरतो आणि फिरवताना करकर येते. ती बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. केबलची खाच हलवून आवाज खंडतो का, स्पीकरच्या कागदाला चीर किंवा बुरशी आहे का, हे टॉर्च लावून बघावे. सेलवर चालणारा असेल तर सेलची डबी उघडायला विसरू नये : विसरलेले सेल पावसाळ्यात पाझरतात आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढलेला सापडतो. थर पातळ असेल तर घासून निघतो. पट्टीच खाल्ली गेली असेल तर तो अ‍ॅम्प फक्त अडॅप्टरवर चालेल असे धरूनच भाव करावा.