पावसापासून मागे मोजायची परसबाग

ज्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते, तेथील माळी शेवटच्या हिमाचा अंदाज घेतो आणि तेथून पुढे दिवस मोजत वसंतातील लागवड ठरवतो. ठाणे आणि नवी मुंबईत ही मोजणी उलटी करावी लागते. मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. त्यानंतरच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, वाफे चिबडतात आणि उन्हाळी भाज्यांची मुळे कुजू लागतात. होळीच्या सुमारास बी पेरले, तर हाती जेमतेम नव्वद दिवस राहतात. एवढ्या दिवसांत कोणते पीक उगवून, फुलून आणि फळून मोकळे होईल, हे आधी ठरवावे. खत आणि अवजारांचा विचार नंतर करावा.

भेंडी या हिशेबात चपखल बसते. तिच्या बियांना उबदार माती लागते आणि मार्चमध्ये ती आपसूक मिळते. टणक सालीचे बी रात्रभर भिजवून पेरले की उगवण लवकर होते. पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिली तोडणी होते आणि मेअखेरपर्यंत एक दिवसाआड कोवळ्या शेंगा मिळत राहतात. उन्हाळ्यात पांढऱ्या माशीमुळे पसरणारा हळद्या रोग हा तिचा मोठा शत्रू असल्याने परभणी क्रांतीसारखे प्रतिकारक्षम वाण निवडणे शहाणपणाचे ठरते. गवार, चवळी, काकडी यांचेही गणित असेच जुळते, तर तांबडा माठ महिन्याभरात काढणीला येतो. टोमॅटोचा मोह मात्र या ऋतूत टाळावा. रात्रीचे तापमान २१ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोची फलधारणा घटू लागते, आणि आपल्याकडे एप्रिलच्या रात्री २४ अंशांच्या आसपास असतात. परागकण नीट तयार होत नाहीत आणि फूल देठासकट गळून पडते. झाड हिरवेगार दिसते, पण फळ धरत नाही. पालक आणि कोथिंबीरही वाढत्या उन्हात पाने सोडून तुऱ्यावर येतात.

पीक ठरले की जागा ठरवायची, आणि त्यासाठी सूर्याची चाल समजून घ्यावी लागते. नवी मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नेरूळ-वाशीकडच्या दुमजली रो-हाऊसची उंची सात मीटर धरली, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी त्याची सावली उत्तरेकडे सुमारे साडेसहा मीटर पडते. म्हणजे उत्तरेकडील छोटे परसू बहुधा पूर्ण झाकले जाते. २१ मार्चला तीच सावली अडीच मीटरांवर येते. मेच्या मध्यास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि त्या दुपारी उभ्या काठीला सावलीच राहत नाही. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणूनच थंडीत ऊन न दिसणारे परसू पाहून ‘येथे काही उगवणार नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मार्चमध्ये एका मोकळ्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता सावलीची कड खडूने आखून ठेवावी. भेंडी आणि वेलभाज्यांना किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा द्यावी.

जमिनीचा प्रश्न अधिक अवघड आहे. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या खाजणांवर आणि मिठागरांवर भराव घालून उभा राहिला आहे, आणि घरामागे एक फूट खणले तरी मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा राडारोडा हाती लागतो. आमच्या घरामागील चवळीची कोवळी पाने एका वर्षी पिवळी पडली; शिरा मात्र हिरव्याच होत्या. जुनी पाने धड आणि नवी पिवळी, ही लोहाच्या कमतरतेची खूण होय. मातीत लोह नव्हते असे नाही. राडारोड्यातील चुन्यामुळे माती अल्कधर्मी झाली होती आणि अशा मातीतील लोह मुळांना शोषता येत नाही. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओतले, तेव्हा बारीक फेस येऊन ती चुरचुरली. चुना ओळखण्याची ही घरगुती कसोटी प्रत्येकाने लागवडीपूर्वी करून पाहावी. उन्हाळ्यात मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी साय धरत असेल, तर ती बहुधा क्षारांची असते. खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढते, उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. दोन्ही दोषांवर पहिल्या वर्षी सोपा उपाय एकच : एक फूट उंचीचा वाफा बांधून त्यात बाहेरची लाल माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरणे.

पाण्याचा हिशेबही आधीच करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मेमध्ये भरात आलेल्या वाफ्यातून रोज पाच मिलिमीटरांच्या आसपास पाणी उडून जाते, म्हणजे दहा चौरस मीटरच्या बागेला रोज पन्नास लिटर, सुमारे तीन मोठ्या बादल्या, पाणी लागते. घरात एवढे पाणी नसेल तर वाफा लहान करावा. पालापाचोळा किंवा नारळाच्या सोडणांचे आच्छादन घातल्यास मातीतून थेट होणारे बाष्पीभवन बरेच कमी होते.

मांडवावर दुधी चढवला असेल तर त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, हे लक्षात ठेवावे. त्यांचे परागीभवन मुख्यतः रात्रीच्या पतंगांकडून होते आणि दाट वस्तीत ते पुरेसे येतीलच असे नाही. मादी फुलाच्या खाली बोटाच्या पेरापेक्षाही लहान, लवदार दुधी आधीच दिसतो. नर फूल नुसत्या लांब देठावर असते. दिवेलागणीला नर फूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून त्याचे परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवावेत. फलधारणा झाली तर ते इवले फळ दोन-तीन दिवसांत फुगू लागते. नाहीतर पिवळे पडून गळते.

घराच्या उत्तर भिंतीलगतची अरुंद पट्टी या साऱ्या बेतात सहसा रिकामी राहते. तेथे मेअखेरीस हळदीचे कंद लावावेत. तिला पाऊस मानवतो, थोडी सावलीही चालते, आणि तिची पाने भराने वाढतात ते महिने नेमके सूर्य उंच असण्याचे असतात. डिसेंबरात घराची सावली त्या पट्टीवर पुरती पसरते, तोवर कंद मातीखाली भरत आलेले असतात आणि पाने पिवळी पडण्याच्या बेतात असतात.