मुरलेलं तेल आणि मोकळं तेल

‘सेंद्रिय कार्बन जास्त, म्हणून तेल जास्त, म्हणून विहीर चांगली.’ शेल, म्हणजे चिखलाचे थर दबून झालेला खडक, त्यातल्या तेलाबद्दलचं हे वाक्य मी उत्तरपत्रिकांत दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी खोडतो. त्यातला पहिला ‘म्हणून’ बऱ्याचदा बरोबर असतो. दुसऱ्याने घात होतो.

आधी किरकोळ गोंधळ उरकू: ऑईल शेल आणि शेल ऑईल एक नव्हेत. ऑईल शेलमध्ये तेल अजून तयारच झालेलं नसतं. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हरचे उथळ थर असे आहेत. तो खडक भट्टीत सुमारे 500 अंशांवर भाजला की तेल सुटतं. शेल ऑईल म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेने आधीच तयार झालेलं आणि त्याच खडकात राहिलेलं तेल. झालं, एवढंच. (आपल्या मराठवाड्यात यातलं काही शोधू नका. किल्लारीच्या संशोधन बोअरमध्ये सुमारे 338 मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचे थर, आणि मग थेट पुरातन स्फटिकी खडक.)

खरा घोळ त्या ‘राहिलेलं’ शब्दात आहे.

काळी जमीन मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. परतीचा पाऊस मुरला की त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, पण त्याच ओलीवर मोटार चालत नाही. विहिरीला पाणी मुरमातून, मांजऱ्यातून पाझरतं. वर्गात मी दोन चाळण्या ठेवतो. एकीत काळीचं ढेकूळ, दुसरीत मुरूम, आणि दोन्हींवर एकेक तांब्या हळूहळू पाणी सोडतो. मुरमाखालची वाटी बघता बघता भरते. ढेकूळ आधी फुगतं, बोटाला चिकटायला लागतं, आणि त्याच्या वाटीत काही थेंब पडतात. पाणी दोन्हीकडे आहे. एकीकडे ओल आहे, दुसरीकडे पाझर.

प्राचीन तळ्यांच्या तळाशी साचलेल्या शेलमध्येही तेल असंच दोन तऱ्हेचं. एक केरोजेनमध्ये, म्हणजे शेवाळ दबून-शिजून झालेल्या न विरघळणाऱ्या सेंद्रिय भागात मुरलेलं. दुसरं छिद्रांत आणि बारीक भेगांत मोकळं. पुस्तकं पहिल्याला ‘अधिशोषित’ म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. त्यातून तेल नुसतं पृष्ठभागाला चिकटल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते केरोजेनच्या आतही शिरतं आणि केरोजेन फुगतं. मुरलेलं हाच नेमका शब्द.

इथून पुढे मात्र मातीची उपमा तोकडी पडते. पाणी सगळं सारखंच. तेल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे. केरोजेन रेझिन, अस्फाल्टीन असे जड घटक घट्ट धरून ठेवतं आणि हलके, संतृप्त हायड्रोकार्बन आधी सोडतं. म्हणजे बाहेर पडणारं तेल गाळून पडतं, आणि मागे राहतं ते जास्त जड, जास्त चिकट.

केरोजेन आधी स्वतःची भूकही भागवतं. एक ग्रॅम सेंद्रिय कार्बनमागे साधारण 100 मिलिग्रॅम तेल मुरतं असा ढोबळ हिशेब धरतात. त्यावरचं उतू जातं. कुठे जातं? स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या येतात, शेकडो किलोमीटरचा पल्ला. असंही घडतं: राजस्थानात बाडमेरच्या तळ्यातल्या शेलमधून निघालेलं तेल वालुकाश्मात जाऊन साठलं आणि 2004 मध्ये मंगला तेलक्षेत्र सापडलं. पण शेलच्या आतलं स्थलांतर म्हणजे भिंतीपलीकडच्या घरी जाणं. तळ्याच्या तळाशी कधी नुसतं शेवाळ बसतं, कधी पुराबरोबर बारीक गाळ येतो. चीनमधल्या ऑर्डोस खोऱ्यातल्या चांग-7 सारख्या शेलमध्ये सेंद्रिय पट्टा आणि गाळाचा पट्टा असे अगदी लागून असतात. उतू गेलेलं हलकं तेल शेवाळी पट्ट्यातून त्या शेजारच्या फिक्या पट्ट्यात उतरतं.

आता हिशेब करा. समजा, काळ्याभोर पट्ट्यात कार्बन 8 टक्के आणि प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात ग्रॅमभर खडकातून 5 मिलिग्रॅम तेल मिळालं. फिक्या पट्ट्यात कार्बन दीड टक्का, तेल अडीच मिलिग्रॅम. पहिल्यात कार्बनच्या ग्रॅममागे तेल साधारण 62 मिलिग्रॅम, दुसऱ्यात 167. तेल पहिल्यात दुप्पट, पण कार्बनच्या ग्रॅममागे शंभराच्या आत, म्हणजे मुरलेलं. चालतं-फिरतं तेल दुसऱ्यात. मला विहिरीची आडवी शाखा कुठे न्यायची विचाराल तर मी क्षणभरही न थांबता फिका पट्टा दाखवीन.

आणि तो ‘पहिला टप्पा’ म्हणजे सगळं तेल असं धरणं ही तर मला सर्वांत खुपणारी चूक. रॉक-इव्हॅल चाचणीत खडकाची पूड आधी 300 अंशांपर्यंत तापवतात; तेव्हा निघतं ते एस-1. पण नमुना पेटीत पडून असतानाच हलका भाग उडून गेलेला असतो, आणि मुरलेला जड भाग 300 अंशांना दाद देत नाही. तो पुढच्या टप्प्यात, एस-2 मध्ये, केरोजेन फुटून नव्याने होणाऱ्या तेलाबरोबर बाहेर येतो आणि त्याच्याच नावावर जमा होतो. तो वेगळा काढायचा तर त्याच पुडीचा दुसरा वाटा द्रावकाने धुऊन पुन्हा तापवावा लागतो. धुण्याआधीच्या आणि नंतरच्या एस-2 मधला फरक हे केरोजेनने धरून ठेवलेलं तेल. हा दुसरा वाटा न तापवता दिलेला आकडा मी वहीत उतरवू देत नाही.