बुरशी लागलेलं फिल्मचं रीळ ओल्या फडक्यानं पुसावं का?

"जुन्या फिल्मवर बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसा, उन्हात वाळवा, मग प्रोजेक्टरवर लावा," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. देणारा आपुलकीनंच देतो, पण त्यानं घरची लग्नं, बारशी कायमची पुसली जाऊ शकतात.

फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. पाणी लागलं की तो थर फुगतो. बुरशीनं खाल्लेला असेल तर विरघळतोच, आणि आजीचा चेहरा फडक्यावर येतो. पडताळायचं असेल तर रिळाच्या शेवटचा, चित्र नसलेला बोटभर तुकडा पाण्यात ठेवा. थोड्या वेळानं त्याची कमी चकाकणारी बाजू मऊ, चिकटसर लागेल. चित्र तिथंच असतं.

उन्हाचं तर नावच नको. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. रंग उडतात, फिल्म आकसते. आकसली आहे का ते कळायला ती नव्या फिल्मशेजारी ठेवून कडेची 100 भोकं जुळतात का बघा. जुळत नसतील तर प्रोजेक्टरवर लावू नका, दात्यांत फाटेल. स्कॅनिंगवाल्याला आधी तसं सांगा.

पुसायचं ते कोरड्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं, हलक्या हातानं. डाग राहिला तर राहू द्या. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, आणि टिनाखालच्या माळ्यावरून पेटी आजच खाली उतरवा.